साडेनऊनंतर प्रश्न बंद

आमच्या घरात रात्री साडेनऊनंतर प्रश्न विचारायला बंदी आहे. दुकानात 'उधारी बंद'चा कागद लावतात तसा 'साडेनऊनंतर प्रश्न बंद' असा ठळक अक्षरांतला कागद मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आहे. कागदाला तोटा नाही. अंबाजोगाईत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नियम लागू झाला त्याच रात्री दहा वाजता मी सवयीनं हाक दिली, "झोपलीस का गं?" पांघरुणातून आवाज आला, "पप्पा, हा प्रश्न आहे."

आवाज आमच्या कन्येचा. वय दहा, इयत्ता पाचवी. लोकांना वाटतं, हुशार लेकरू म्हणजे घरात लॉटरी. पण लॉटरी लागलेल्या माणसाला निदान रोज रात्री तिकिटाला उत्तरं द्यावी लागत नाहीत.

याचा सगळा दोष दुकानाचा आहे. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की गिऱ्हाइकाचा कागद बघायचा, वाचायचा नाही. वीस वर्षं मी हा नियम पाळला. इतका, की माझ्या हातून अख्ख्या तालुक्याचे सातबारे, जातीचे दाखले, सोडचिठ्ठ्या आणि मेडिकल कॉलेजच्या पोरांच्या नोट्स गेल्या, पण डोक्यात एक अक्षर शिरलं नाही. कन्या मात्र शाळा सुटली की दुकानात येऊन मशीनच्या तोंडाशी बसते आणि बाहेर पडणारा प्रत्येक कागद गरम असतानाच वाचून काढते. लोक पोरांना शिकवायला पुण्या-लातूरला पाठवतात. आमच्या पोरीला सगळा तालुका दोन रुपये पानानं शिकवून जातो.

पहिला दणका बसला राखीपौर्णिमेला. माझी बहीण केजहून आली होती. राखी झाली, मी पाकिटात पाचशे एक घातले, पुरणपोळी झाली, सगळं कसं सिनेमातल्यासारखं चाललं होतं. कन्येनं पोळीवर तूप घेत विचारलं, "आत्या, हक्कसोड म्हणजे काय गं?"

"म्हणजे बहिणीनं भावासाठी जमिनीतला वाटा सोडायचा, बाई."

"आणि भाऊ काय सोडतो?"

ताटातली कटाची आमटी एकाएकी सगळ्यांना फार आवडायला लागली. माझी आई म्हणाली, "खा गं गप." कन्या गप बसली नाही. "पण वकिलकाकांच्या कागदात होतं, महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वाडवडिलांच्या जमिनीत मुलाएवढाच हक्क आहे. आपल्या सातबारावर आत्याचं नाव कामून नाही?"

मी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ झाले होते. दुसरं काही सुचेना म्हणून ओरडलो, "साडेनऊनंतर प्रश्न नाहीत!" आमच्या घराची घटना अशी लिहिली गेली. बहीण मात्र पोरीला कुशीत घेऊन बराच वेळ हसत होती. का हसतेस, हे मी तिला विचारलं नाही. साडेनऊ वाजून गेले होते.

दुसरं प्रकरण आकड्यांचं. कुणी शिक्षक गणिताच्या टिपणांची झेरॉक्स काढायला आले होते. त्यात दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची माहिती होती. हे देवळालीचे शाळामास्तर. मोठी पदवी नाही, मोठी नोकरी नाही, पण आकड्यांशी खेळण्याचा नाद जबर. त्यांनी १९४९ साली एक गंमत शोधली. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येणारच, आणि एकदा आलं की तिथून हलत नाही. आपल्याकडे त्यांची कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढं १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आपल्याला मास्तर आपले असल्याचं आठवलं.

झालं. कन्येनं दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलींचे नंबर धरले. एक फेटेवाले मामा सातबाऱ्याच्या दोन प्रती काढायला आले होते. गाडी एमएच ४४, पुढं ३५२४.

"मामा, तुमचा नंबर तीन फेऱ्यांत येतो," कन्या म्हणाली. तिनं रद्दी कागदावर मांडून दाखवलं. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. "बघा, ६१७४."

मामांनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "आज लागंल का?"

"काय?"

"आकडा हो!"

मी समजावलं, की हे गणित आहे, मटका नाही. मामा समजूतदारपणे हसले. असल्या गोष्टी कुणी उघड कबूल करतं का, असं ते हसणं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पाच जण उभे. एकालाही झेरॉक्स नको होती. प्रत्येकाला आपापल्या गाडीचा आकडा लेकराच्या तोंडून हवा होता. कन्येनं पाचही जणांचं शांतपणे मांडून दिलं. पाचही जणांचं ६१७४ आलं. पाचव्यानं कपाळाला हात लावला, "आयला, पाचही जणांना एकच आकडा म्हणजे पक्काच की!" आणि ते सगळे घाईघाईनं गेले.

आकडा अर्थातच लागला नाही. तीन दिवस मी शटर अर्धं खाली ठेवून धंदा केला.

त्यातच एक काळी, काचा काळ्या असलेली मोठी गाडी दारात लागली. नंबर ९९९९. आमच्या जिल्ह्यात गाडी हप्त्यावर घेतात, पण नंबर रोख घेतात. गाडीतून उतरलेल्या दादांनी कौतुकानं विचारलं, "काय गं, माझ्या गाडीचं काय येतं?" मी काउंटरच्या खालून तिचा पाय दाबला. कन्या म्हणाली, "तुमचं शून्य येतं, दादा. पहिल्याच फेरीत." दादांचे पंधरा रुपये झाले होते. मी घेतले नाहीत.

शाळेतून तर महिन्यातून एकदा बोलावणं ठरलेलं. 'सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?' या प्रश्नावर हिनं लिहिलं होतं, 'वर्षातून दोन दिवस बरोबर पूर्वेला. बाकीचे दिवस थोडा इकडं किंवा थोडा तिकडं. आमच्या गच्चीवरून दिसतं.' मॅडमनी लाल शाईनं फुली मारली होती. मी पालक म्हणून गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "तसं चुकलेलं नाही हो. पण एका ओळीचं उत्तर होतं." मी मान डोलावली. घरी येऊन पोरीला सांगितलं, की शाळेत सूर्य पूर्वेलाच उगवू दे, घरी कुठंही उगवला तरी चालेल. तेव्हापासून तिनं दोन वह्या केल्या आहेत. एकीवर लिहिलंय 'मार्कांसाठी'. दुसरीवर 'खरं'. दुसरी जास्त जाड आहे.

१७ सप्टेंबर २०२५ला बीडला रेल्वे आली, तेव्हा आमच्या गल्लीतले एक काका पेढे घेऊन घरी आले. आम्हा बीड जिल्ह्यातल्या माणसांचं अर्धं आयुष्य 'रेल्वे येणार' हे ऐकण्यात गेलंय. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. कन्येनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "काका, हे काम मंजूर कधी झालं?" "पंच्याण्णवला, बाळा!" "आणि अहिल्यानगर ते बीड किती किलोमीटर?" "एकशे सहासष्ट-सदुसष्ट." ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "म्हणजे रेल्वे ताशी त्रेसष्ट सेंटिमीटरनं आली. गोगलगाय याहून पळते." काकांनी तिच्या हातातला पेढा परत घेतला नाही, पण डब्याचं झाकण लावलं.

हे सगळं ऐकून पुण्याच्या मेहुण्यांनी फोनवर निदान केलं, "पोरगी गिफ्टेड आहे. टेस्ट करून घ्या." मेहुण्यांना सगळ्यातलं कळतं. त्यांनीच सांगितलं, की पुण्यात आप्पा पेंडशांनी १९६२ साली बुद्धिमान मुलांसाठीच ज्ञान प्रबोधिनी काढली. म्हटलं, प्रबोधिनीचं काम तर आमच्या अंबाजोगाईतही आहे. पण मेहुण्यांच्या मते पुण्यात मोजलेली बुद्धी जास्त भरते. शेवटी त्यांच्याच ओळखीच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेलो. दोन दिवस दुकान बंद, एसटीचं भाडं, शिवाय मेहुण्यांचं व्याख्यान.

बाई फार चांगल्या. त्यांनी मला गिलफर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. या माणसानं बुद्धीचा एक ठोकळाच मांडला. एका बाजूनं चार, दुसऱ्या बाजूनं पाच, तिसऱ्या बाजूनं सहा, असे एकूण १२० खण. प्रत्येक खणात एक वेगळी क्षमता. आपल्याही डोक्यात एकशेवीस खोल्या आहेत हे ऐकून मला बरं वाटलं. बहुतेक रिकाम्याच असतील, पण भाड्यानं देता आल्या असत्या तर शटर डाउन ठेवायची वेळ आली नसती.

पोरगी दोन तासांनी बाहेर आली. बाई तिच्यामागून आल्या, जरा थकलेल्या. "तिनं मला विचारलं, तुमचा किती आला होता," त्या म्हणाल्या. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अहवालात बुद्ध्यांक लिहिला होता १३८. आता माणसाला स्वतःचं मशीन असलं की मोह आवरत नाही. मी त्या अहवालाच्या चाळीस प्रती काढल्या. रंगीत. "रंगीत कामून?" बायको म्हणाली. "शिक्का निळा आहे," मी म्हणालो.

पहिली प्रत आईला. आईनं चष्मा लावला. "एकशे अडतीस? किती पैकी?"

"आजी, याला पैकी नसतं."

"अव माय, पैकी नसलेले मार्क कुठं असतेत का? मग तुला फसवलं त्यांनी."

दुसरी प्रत पेढेवाल्या काकांना. त्यांनी आकडा बघितला, चेहरा गंभीर केला, "वरचं एकशे अडतीस म्हणजे जरा जास्तच. खालचं किती आहे? मीठ कमी करा तिचं." पुढचे चार दिवस गल्लीत पोरीच्या बीपीची चौकशी होत होती. एकीनं तर लसूण आणून दिला.

उरलेल्या अडतीस प्रती नातेवाइकांना वाटायच्या होत्या, पण त्याआधी कन्येनं बाईंनी दिलेलं माहितीपत्रक वाचलं. त्यात टर्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाची हकिकत होती. त्यानं १९२१ पासून बुद्ध्यांक मोजून मोजून दीड हजारांवर हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. पण चाचणीत मार्क कमी पडले म्हणून ज्यांना घेतलं नव्हतं, त्यांतल्या दोघांना मिळालं. शॉकलेला १९५६ साली आणि अल्वारेझला १९६८ साली, दोघांनाही भौतिकशास्त्राचं.

"म्हणजे पप्पा, मी पास झाले, आता माझं नोबेल गेलं," ती म्हणाली.

अडतीस प्रती काउंटरखाली आहेत. मागची बाजू कोरी असल्यानं हिशोबाला येतात.

तरी बापाचा जीव. पाचवीचं वर्ष म्हणजे आमच्याकडे नवोदयचं वर्ष. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय गेवराई तालुक्यात गढीला. सहावीत जागा ऐंशी, परीक्षेत प्रश्नही ऐंशी, वेळ दोन तास. फॉर्मच्या दिवसांत माझ्या दुकानापुढं जत्रा असते आणि जत्रेतला प्रत्येक बाप मला खासगीत सांगतो, की त्याचं लेकरू जरा वेगळंच आहे. मीही मान डोलावून हेच सांगतो. हिला क्लास लावला. पहिल्या सराव परीक्षेत हिला शंभरपैकी एक्केचाळीस. क्लासच्या सरांनी पेपर दाखवला. सव्विसाव्या प्रश्नापर्यंत सगळं बरोबर. सत्ताविसावा प्रश्न, गटात न बसणारा शब्द ओळखा: गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. त्यापुढं मोजकीच उत्तरं.

"झोप लागली होती का?" मी विचारलं.

"नाही पप्पा. चारही बसत नाहीत. कोंबडी अंडी घालते. शेळीला दोन करडं होतात. म्हशीला वगार झाली तर सगळे खूश, रेडा झाला तर गप्प. आणि गायीचं तर विचारूच नका. कुठलं बाद करायचं ते ठरवता ठरवता वेळ संपला."

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हुशार आहे हो पोरगी. पण परीक्षेची हुशारी नाही." मला माझ्या बाजूनं काही बोलता आलं नाही, कारण माझं नेमकं उलटं झालं होतं. मला चौथीला स्कॉलरशिप मिळाली होती. ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून दुकानात विश्वकर्म्याच्या फोटोशेजारी लावलं आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "याचं डोकं लहानपणी असंच होतं. सगळं गाव म्हणायचं, पोरगं कलेक्टर होणार." गाव अजूनही कलेक्टर कचेरीचे कागद माझ्याकडूनच काढून नेतं, हा भाग वेगळा.

मागच्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींनी 'लीलावती'चं मराठी भाषांतर झेरॉक्सला टाकलं. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यातला हा अंकगणिताचा भाग. त्यांचं विज्जलविड गाव नेमकं कोणतं, यावर विद्वानांचं भांडण आहे. आम्ही मराठवाड्यातली माणसं अशा भांडणात मागं राहत नाही. गणितं मात्र बघण्यासारखी. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, सत्तावीस हातांवरून बिळाकडे येणारा साप. मोरानं झडप घातली, दोघं सारखंच अंतर चालले, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? उत्तर बारा. हे सोडवल्यावर कन्येला पाटोद्याच्या नायगाव मयूर अभयारण्यात न्यावं लागलं. दिवसभर उन्हात फिरलो, एकाही मोरानं खांब धरला नाही. "मोर तिरका सरळ रेषेत उडतो हे भास्कराचार्यांनी बघितलं होतं का?" यावर मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

त्या रात्री तिनं आजीला लीलावतीची दंतकथा सांगितली. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात येते. भास्कराचार्यांनी मुलीच्या लग्नाची नेमकी घडी काढली आणि घटिकापात्र लावलं. मुलगी कुतूहलानं त्यात डोकावली, दागिन्यातला एक मोती पात्रात पडला, भोक बुजलं, पाणी शिरेना. मुहूर्त टळला.

आईच्या डोळ्यांत लगेच पाणी. "आपल्या योगेश्वरीचं बी तसंच झालं बाई. कोकणातून आली, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला म्हणून इथंच राहिली."

"आजी, अंबाजोगाई ते परळी पंचवीस किलोमीटर. कोकणातून एवढं लांब आली आणि शेवटच्या पंचवीसला उशीर कसा झाला?"

"वऱ्हाड होतं ना सोबत," आई म्हणाली. हे उत्तर मात्र कन्येनं वहीत लिहून घेतलं. 'खरं' या वहीत.

मग माझ्याकडे वळली. "पप्पा, लीलावतीच्या बापाला एवढं गणित येत होतं, तर पात्रावर झाकण कामून नाही ठेवलं?"

"बापांना सुचत नाही गं," आतून आमची ही म्हणाली.

घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. अजून पाच मिनिटं होती, आणि ती तिनं वाया घालवली नाहीत. "पप्पा, आजी म्हणते तुम्हीपण चौथीत माझ्यासारखेच हुशार होतात. सर्टिफिकेटपण आहे."

"होतो की."

"मग ती हुशारी नंतर कुठं जाते?"

मी घड्याळाकडे पाहत राहिलो. त्या रात्री काटा फार हळू चालला होता. रेल्वेच्या वेगानं म्हणा.

प्रश्न अजून तसाच आहे. वाचकांपैकी कुणाला उत्तर माहीत असेल तर कृपया दुकानावर येऊन सांगावं. उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल. सांगणाऱ्याला सातबारा, आधार, काय असेल ते दोन्ही बाजूंनी फुकट काढून मिळेल. फक्त गाडी समोर लावू नये, आणि यायचं ते रात्री साडेनऊच्या आत.